जिजींनी फोन स्पीकरवर लावला

जिजी गेल्या तेव्हा मी इंदूरला एमआरआयच्या मशीनमध्ये पालथी झोपले होते. दरवर्षीची तपासणी होती. फोन बाहेर यजमानांकडे. मी कपडे बदलून आले, चहा घेतला, आणि मग ते म्हणाले, "वहिनी गेल्या. सकाळी, अंगणातच." हार्ट अटॅक होता.

जिजी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. बहादरपूरच्या घरात आम्ही बरीच वर्षं एका चुलीवर काढली, पण आमच्यात फारसं सख्य नव्हतं. स्वयंपाकघर त्यांचं, आणि मी बुऱ्हाणपूरला शाळेत शिकवायला जाणारी, बोलणं कामापुरतं. त्यामुळे माझ्या छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली, तेव्हा इंदूरला सोबत जिजी येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. केळीची कटाई सुरू होती, यजमानांना सारखं निघता येईना. जिजींनी आपली पिशवी भरली. "बाईसोबत बाई पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी रेडिएशन, म्हणजे आमच्याकडे ज्याला सिकाई म्हणतात ती, आणि मग ऑपरेशन असं ठरवलं. सिकाईच्या आधी एक एमआरआय, संपल्यावर काही आठवड्यांनी दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून गाठ किती आकसली ते बघायचं. मशीनमध्ये धातू चालत नाही. मी मंगळसूत्र काढून मुठीत धरून उभी राहिले, कुठे ठेवावं कळेना. जिजींनी ते घेतलं आणि स्वतःच्या मंगळसूत्रावरच घातलं. आत तो हातोडा मारल्यासारखा आवाज चालू असताना मी गाठीचा विचार करत नव्हते... बाहेर बाकड्यावर दोन मंगळसूत्रं घालून बसलेल्या जिजीच डोळ्यांपुढे येत होत्या.

दुसऱ्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी काही दिसलं नाही. घरात पेढे आले. भाऊजी, म्हणजे जिजींचे यजमान, म्हणाले, "गाठच नाही, तर कापायचं कशाले?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण मला तेच हवं होतं. जिजींनी हात पुसले, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मधल्या घरात ठेवला.

"फोटोत दिसत नाही म्हणजे आत काही उरलंच नाही असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारीक पेशी एमआरआयला दिसतीलच असं नसतं. तेवढा भाग काढून तपासला की कळेल."

"म्हणजे ऑपरेशन करायचंच ना?" जिजींनी विचारलं.

"करायचंच. पण आता छोटं पुरेल."

"तू मध्ये नको पडू," भाऊजी हळूच म्हणाले.

"मी नाही पडत. त्यांच्याच तोंडून ऐका म्हणून लावला. नाही म्हणायचं तर तुम्हीच सांगा त्यांले. फोन चालू आहे."

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात कॅन्सरच्या थोड्या जिवंत पेशी सापडल्या. कडा मात्र स्वच्छ होत्या, म्हणजे कापलेल्या जागेपलीकडे काही पसरलं नव्हतं. मी सांगायला गेले तेव्हा जिजी मेथी निवडत होत्या. "निघाल्या ना? बरं झालं," म्हणाल्या आणि दुसरी जुडी सोडली. त्यानंतर आमची मैत्री झाली असंही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या.

एकच गोष्ट नवी सुरू झाली. महिन्यातून एकदा मी न्हाणीत असताना दारावर टकटक व्हायची. "हात फिरवला का व?" दवाखान्यातल्या सिस्टरनं दाखवलं होतं, छाती आपल्या हातानं कशी तपासायची ते. मला राग यायचा. घरभर ऐकू जायचं. "हो" म्हटल्याशिवाय त्या दारापासून हलायच्या नाहीत.

आता दार वाजत नाही. परवा जिजींची सून न्हाणीत होती. मी बाहेरून जात होते, थांबले आणि टकटक केली. "हात फिरवला का व?"

आत पाण्याचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "कसा फिरवायचा, काकू?"

"कडी काढ," मी म्हटलं.