हिंगाच्या खड्याची जागा

परळच्या ज्या दुकानात मी फळ्यांवर माल मांडायच्या कामाला लागले, तिथे त्याच कामावरच्या ताईंना दहा वर्षं झाली होती. दरवर्षी अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग एक महिना घरी, आणि एजन्सीचा फोन आला तर पुन्हा श्रीगणेशा. फोन येईल की नाही, हे त्यांना दहाव्या वर्षीही ठाऊक नव्हतं. माझंही कॉन्ट्रॅक्ट तसंच होतं, पण मी तेवीस वर्षांची होते.

कुठल्या फळीवर काय ठेवायचं, त्याचा प्लॅन हेड ऑफिसमधून यायचा. त्या वर्षी एप्रिलच्या प्लॅनमध्ये डोळ्यांसमोरच्या फळीवर तयार मालवणी मसाल्याची पाकिटं होती. ताईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, एप्रिलमध्ये? लालबागला बायका मसाला कुटायला लाइन लावून उभ्या आहेत. आता तयार पाकीट नेलं तर सासू दारातच अडवेल."

पाकिटं खाली गेली. वर बेडगी मिरची, धणे, शेजारी चिनी मातीच्या बरण्या आणि त्यांना खेटून खडा हिंग. मसाला टिकावा म्हणून बरणीत हिंगाचा खडा टाकतात, हे मलाही आईमुळे माहीत होतं. पण आमच्या दुकानात तो पापडांच्या मागे असायचा आणि बायका शोधत फिरायच्या, हे मला दोन महिने तिथेच उभी राहूनही दिसलं नव्हतं. ताईंना दिसलं होतं.

एकदा त्या रजेवर असताना हेड ऑफिसचे साहेब तपासणीला येणार असल्याचा मेसेज आला. माझी पाचावर धारण बसली. मी अख्खी फळी प्लॅनप्रमाणे परत लावली आणि साहेबांकडून शाबासकी मिळवली. दुसऱ्या दिवशी ताईंना सांगताना लाज वाटत होती.

"घाबरलीस, दुसरं काय. धर त्या बरण्या."

नव्या कॉन्ट्रॅक्टची यादी चार दिवसांवर होती. तरी त्यांनी फळी पुन्हा आपल्या मनासारखी लावली आणि फोटो काढून स्वतःच साहेबांना पाठवला. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ताईंकडे ईमेल नव्हता, म्हणून त्या बोलत गेल्या आणि मी माझ्या मेलवर इंग्रजीत उतरवत गेले. शेवटी मी हळूच 'सॉरी' लिहिलं, ते त्यांनी खोडायला लावलं.

"चूक कुठे झालीये? विक्री बघा म्हणावं."

नोकरी दहा वर्षं टांगणीला लागलेली बाई हे बोलत होती. एवढी हिंमत मी पुढे मोठ्या पगाराच्या माणसांतही पाहिली नाही.

मे संपायच्या आत बरण्या संपल्या. ताईंना एजन्सीचा फोन आला, अकरा महिन्यांचा. मला हेड ऑफिसने बोलावलं, कारण मेलवर नाव माझं होतं. डोकं ताईंचं आहे, हे मी मुलाखतीत सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पर्मनंटचं पत्र मला दिलं.

"जा गं, एकीचं तरी झालं," ताई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि त्यामुळेच मला रडू आलं.

आता मुंबईतल्या दुकानांचे प्लॅन मी काढते. पाठवण्याआधी ताईंना फोन करते, त्या माझ्या चुका काढतात. त्यांना पर्मनंट करावं म्हणून दरवर्षी शिफारसही लिहिते. परवा चौथी परत आली. शेरा एका ओळीचा होता: सलग अनुभव फक्त अकरा महिने.