कावडीच्या चालीची काठी

बारकूला समुद्र लहानपणापासून ठाऊक होता, पण लांबून. दिवाळीनंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली, की कुरवंड्याच्या कड्यावरून पश्चिमेला एक चमकती रेघ दिसायची. "त्यो दर्या," म्हातारी माणसं सांगायची. चाळिशी आली तरी ती रेघ जवळून पाहण्याचा योग बारकूला आला नव्हता. जातीनं तो डोंगरकोळी. तरुणपणी त्यानं बारा वर्षं कावडीनं लोणावळ्याला दूध पोचवलं, मग रेल्वेच्या घाटलाइनवर गँगमन म्हणून लागला. इंद्रायणीत गळ टाकण्यात मात्र पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

तरीही घाटाखालून सुकी मासळी घेऊन येणारी सरूबाई दर सोमवारी त्याला डिवचायचीच.

"काय रं बारकू, कोली म्हणवतोस नि बोंबील माझ्याकडनं घेतोस!"

एकदा त्याला झोंबलं. चारचौघांत तो बोलून गेला, "एक दिवस माज्या हातानं धरलेला दर्याचा मासा तुज्या पाटीत टाकीन. मग बोल!"

"तवर मी जगंन का रं?" सरूबाई म्हणाली, आणि सगळी आळी हसली. याला सहा वर्षं झाली. सरूबाई ते विसरली नाही, आळीही विसरली नाही.

एकोणीसशे सहासष्ट सालच्या कार्तिकात योग आला. लोणावळ्यात बंगला बांधून राहिलेले कर्णिकसाहेब जन्मभर जहाजावर इंजिनियर होते. वळवणच्या तलावावर बारकू त्यांचा गळाचा सोबती. एका शुक्रवारी त्यांनी त्याला बोलावलं आणि दिवाणखान्यात तीन काठ्या टेबलावर मांडल्या. परदेशातून आणलेल्या, काचेच्या तंतूंच्या, चकचकीत.

"रविवारी मोऱ्याच्या बंदरातून होडी करतोय. तू यायचंस. होडी लहान आहे, काठ्यांचा भारा नको. यातली एक तुझी. दिवसभर तीच, बारीक माशाला तीच आणि मोठ्यालाही तीच. मध्येच बदलून मिळणार नाही. तिन्ही घरी ने, उद्या संध्याकाळी सांग."

"आन् मासा घावला तर, सायेब?"

"हातभर लांबीचा मासा काढलास तर काठी कायमची तुझी."

बारकू कुरवंड्यापर्यंत चालत आला की पळत, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवारी ड्यूटी संपताच त्याने तिन्ही काठ्या खळ्यात आडव्या ठेवल्या. एक दहा फुटी, वेतासारखी लवचिक. एक पाच फुटी, जाडजूड, पहारीची धाकटी बहीण. तिसरी सात फुटी, दिसायला अगदी साधी. तिघींनाही तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, गुंडाळायचं रीळ खालच्या अंगाला लटकवलेलं होतं. लांब काठीने त्याने दोराला खडा बांधून फेकला, तो दोन शेतं ओलांडून तिसऱ्यात पडला.

"बघितलंस का? हीच!" तो ओरडला.

त्याची बायको चिमाबाई उंबऱ्यात नाचणी पाखडत होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "अवं, दर्यावर तुमी काठावर उभं ऱ्हाणार का?"

"न्हाई, होडीत."

"होडी हालती का?"

"हालती तर!"

"मग हितं खांबावानी उभं ऱ्हाऊन काय बघताय? कावडीची काठी घेतली तवा बुरुडाच्या दारात उभं ऱ्हाऊन घेतली व्हती का? भरल्या चरव्या लावून समदी खिंड चालून बघितलीत. बुरुड शिव्या देत मागनं पळत आलता."

बारकूने लांब काठी खाली ठेवली. मग कपाळावर हात मारला. नदीकाठी पाय रोवलेले असतात, लांब फेकावं लागतं म्हणून लांब काठी लागते. होडीत लांब फेकायचंय कुणाला? मासा खालीच असणार. आणि पाय? पाय तर कावडीसारखे चालणार, उभं राहिलं तरी! कावडीची काठी ताठ असली की खांद्याला हिसके बसतात, फार लवली की चरव्या झोके घेतात आणि दूध सांडतं. बारा वर्षं खांद्यानं शिकलेली गोष्ट, आणि तो ती मनगटानं विसरला होता.

त्याने सुताचा दोरा आणला, काठीच्या कड्यांमधून ओवला आणि टोकाला पाण्याचा तांब्या बांधला. आणि निघाला बांधावरून, कावडीच्या चालीनं, गुडघे मोडून, लुटूलुटू. लांब काठीचा शेंडा एवढा झोके घेऊ लागला, की तांब्या फिरून त्याच्याच नडगीवर बसला. आखूड काठी हललीच नाही. तिसऱ्या बांधावरून उडी मारताच हिसका बसून दोरा तटकन तुटला आणि तांब्या गडगडत ओढ्याकडे गेला.

"माज्या म्हायेरचा तांब्या!" चिमाबाई सूप टाकून धावली. "वाकडा केलात तर त्या सायबाकडनं नवा आणा!"

तांब्याला चांगला पोचा आला होता. मधल्या काठीला तोच तांब्या लावला. काठी शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकायची, बुडाकडे ताठ राहायची. बारकू वर गेला की शेंडा खाली यायचा, बारकू खाली आला की शेंडा वर. चार बांध ओलांडले, थेंब सांडला नाही. मग त्याने सुपारीएवढा खडा बांधून पाहिला. शेंड्याने मान हलवली आणि खडा बोटांना कळला. बूड कोपराखाली नीट बसत होतं. कड्यांवर कुठे गंजाचा डाग नव्हता, खाऱ्या पाण्यात ते महत्त्वाचं.

संध्याकाळी त्याने ती साहेबांपुढे धरली. साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ही? सगळे लांबच उचलतात. कशावरनं निवडलीस?"

"तांब्यावरनं, सायेब."

रविवारी उन्हं वर आली तेव्हा होडी मोऱ्याच्या धक्क्यापासून बरीच दूर होती. होडीचा मालक नथू नाखवा जातिवंत दर्यावर्दी. तो हसून म्हणाला, "डोंगरावरचा कोली दर्यान आलाय! धरून बस रं, पडशील."

पण बारकू उभाच होता, गुडघे मोडून. पायाखालचा समुद्र त्याला खिंडीच्या वाटेसारखा वाटत होता. सकाळभर बारीक मासे आले, वीतभर ढोमे. प्रत्येकाची चिमटी शेंड्यावर दिसायची. चार निघाले, पण हातभर एकही नाही. दुपार उतरली. नाखवा म्हणाला, "आता भरती फिरंल. त्या खडकाजवळ एकदा टाक, मंग घरा."

बारकूने जिवंत कोळंबी लावली आणि दोर सोडला. शेंडा एकदा हलला. मग थेट पाण्याकडे गेला, रीळ किर्र ओरडायला लागलं.

"जिताडा! सोड, दोर सोड!" नाखवा किंचाळला.

मासा खडकाकडे निघाला होता. त्याच वेळी लाट आली आणि होडी वर उचलली गेली. साहेबांनी डोळे मिटले, आता दोर तुटणार. पण बारकूचे गुडघे खाली गेले, काठी वाकली आणि दोर तेवढाच ताणलेला राहिला. होडी खाली, काठी सरळ. होडी वर, काठी वाकडी. "सांडू नगंस, सांडू नगंस," बारकू स्वतःशीच पुटपुटत होता, जसा खिंडीत दुधाला म्हणायचा. पाव तासाने पाण्याखाली रुपेरी अंग वळलं, आणि नाखव्याने जाळीत घेतलं. हातभर कसला, दीड हात! काठी बारकूची झाली.

"ही चाल कुटं शिकलास रं?" नाखव्याने विचारलं. मघाचं हसू तोंडावर नव्हतं.

"घाटात," बारकू म्हणाला, आणि वीत टाकून मासा मोजायला बसला.

सोमवारी सकाळी सरूबाई पाटी उतरवून आळीत बसली. आदल्या रात्री अर्धा जिताडा आळीच्या पोटात गेला होता आणि अर्धा चिमाबाईने मीठ लावून ठेवला होता. बारकूने त्यातली मोठी तुकडी उचलली आणि सगळ्यांसमोर सरूबाईच्या पाटीत, बोंबलांवर ठेवली.

तिने ती हुंगली, उलटून पाहिली, खवल्यावर नख ओढलं. आळी पाटीभोवती वाकून उभी.

"जिताडाच हाय," सरूबाई म्हणाली. मग डोळे बारीक करून, "मीठ कमी परलंय. तुज्या बायकोला सांग."

"त्ये तूच सांग," बारकू म्हणाला. "तांब्याच्या पोच्यावरनं ती माज्याशी बोलत न्हाई."