वळूच्या अंगावरची पांढरी पावडर

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्या गावानं त्या आनंदात मुरुडहून पेढे आणले, आणि ते खाऊन झाल्यावर प्यायचं पाणी कुठून आणायचं यावर भांडण केलं. विहिरीत नुसता गाळ. अशा दुष्काळातही आमच्या घरात एक जीव राजासारखा राहायचा. तो म्हणजे आमचा वळू.

देवणी जातीचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो उदगीरच्या बाजारातून आणला होता. आम्ही महादेवाची माणसं. आप्पांच्या लेखी तो वळू नव्हताच, नंदी होता. आसपासच्या गावांतल्या गाई फळवायला आमच्या दारात यायच्या. आमच्या घराला मान होता तो या जनावरामुळं. माझ्यामुळं नव्हता, हे मी लग्नाआधीच कबूल करून टाकलं होतं.

दुष्काळात गोचीड लई माजले. पिकावर मी लग्नाआधीपासून हातानं धुरळायचो ती कीटकनाशकाची पांढरी पावडर घरात पोत्यानं पडून होती. पीकच नाही तर धुरळणार कशावर? आप्पांनी ती वळूला लावली. पण नंदीला नुसतं औषध फासणं त्यांच्या मनाला पटेना. म्हणून विभूतीसारखे तीन बोटांचे आडवे पट्टे कपाळावर, वशिंडावर आणि मांड्यांवर. सकाळी लिंगपूजा आटोपली की पत्र्याचा डबा घेऊन ते गोठ्यात जायचे. पुढं त्यांचे गुडघे धरले आणि ती सेवा माझ्याकडं आली. मी उघड्या हातानं पट्टे ओढायचो, उरलेली पावडर पायजम्याला पुसायचो आणि तसाच भाकरीवर बसायचो. ढेकरसुद्धा पावडरीचा यायचा. गोचीड मात्र पटापट गळायचे, त्यामुळं भक्ती वाढतच गेली.

मग गाई उलटायला लागल्या. आमच्याकडून फळवून नेलेली गाय पुन्हा माजावर यायची. लोक म्हणाले, दुष्काळ हाय, गाईच्या अंगात जीव कुठाय. ते खोटंही नव्हतं.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आव्वानं, म्हणजे आईनं, गाईंचा दोष दुष्काळावर टाकला आणि घरातला सुनेवर. "गाईला चारा न्हाई. हिला काय कमी हाय?" निलंग्याकडची एक मुलगी माझ्यासाठी बघून झाली. दुसरं लग्न. बायको लुगडी घड्या घालून पेटीत भरायला लागली.

याच दिवसांत जनावरांचा डॉक्टर गावात आला. गाई गाभण का राहत नाहीत म्हणून त्यानं वळूचं बीज काचेवर घेऊन तपासलं आणि आप्पांना म्हणाला, "मालक, बीज लई पातळ हाय. बरंचसं मेलेलं."

"नंदीचं?" आप्पा ओरडले.

डॉक्टरनं वशिंडावर बोट फिरवून वास घेतला. "हे काय लावलंय?"

"अंगारा," मी म्हणालो.

"अंगाऱ्याला असला वास? अहो, हे कातडीतून अंगात मुरतं. जनावर अंग चाटतं, मग पोटात जातं. यानं बीज बिघडू शकतं. चारा न्हाई, त्यानंबी बिघडतं, म्हणून याच्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार न्हाई. पण धुऊन काढा आधी."

"वळूलाच बाधतं का?" मी विचारलं.

"वळू, बोकड, माणूस. नर कुठलाबी असो."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "त्यांनी गाईला न्हाई तपासलं, वळूला तपासलं. तुमाला कोण तपासणार?"

मी हसलो. ती हसली नाही.

लातूरच्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातो सांगून आम्ही तिथल्या दवाखान्यात गेलो. तिच्यात काही दोष निघाला नाही. माझं बीज जवळजवळ नव्हतंच. इथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं: पावडरीनं झालं असेल, नसेलही, हात लावणं सोडा, मग पुन्हा बघू. आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. सरकारी छावणीतला चारा मिळाल्यावर म्हणा, पावडर सुटल्यावर म्हणा, वळूनं फळवलेल्या गाई राहायला लागल्या. माझ्यात फरक पडला नाही.

घरी सांगितलं तेव्हा आव्वा भिंतीकडं तोंड करून बसली. "बाहेर बोलू नको," एवढंच म्हणाली. पण बाहेर तर बायकोलाच वांझ म्हणत होते. म्हणून मी पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "दोष माझ्यात हाय. तिच्यात न्हाई."

मग एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. "लई मोठं मन हाय गड्या तुझं! बायकोचं झाकायला सोतावर घेतलंस."

जन्मभर ज्यानं थट्टेशिवाय एक गोष्ट सरळ सांगितली नाही, त्याचं खरं कोण खरं मानणार? मी पावडरीचं सांगितलं, तपासणीचं सांगितलं. जेवढं सांगावं तेवढं ते हसत होते. कहर म्हणजे ही गोष्ट निलंग्यापर्यंत गेली आणि त्या मुलीचा बाप साखर घेऊन दारात हजर. बायकोला इतकं जपणारा जावई शोधून सापडायचा नाही, म्हणाला.

आप्पा खांबाला धरून उठले. "पावणं, पोरगं खरं बोलतंय. तुमची पोरगी बुडवू नका." साखर परत गेली. आप्पा नंतर कितीतरी दिवस पारावर गेले नाहीत.

पेटीतली लुगडी परत दांडीवर आली. गावाचं मत मात्र जागचं हललं नाही. कुणाच्या बारशाला गेलो की मला हाताला धरून पुढं बसवतात; देवमाणूस म्हणतात. तिला पाळण्याजवळ कुणी बोलवत नाही. ती दारातच थोडा वेळ थांबते, मग चपला घालते. तिला जाताना पाहून मीही उठतो. मागून कुणीतरी म्हणतंच, "बघा, अजून कसा जपतो!"