पहिल्या चित्रावरचं कापड

टिपणीस बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात पोळीभाजीचा डबा होता. आई दिव्याहून डोंबिवलीला येऊन काही घरी डबे द्यायची. त्या शनिवारी तिला ताप होता, म्हणून मी आले होते. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत बाईंचं चित्रांचं दालन होतं. दार उघडं होतं. मी चपला बाहेर काढून डबा पुढे केला. दाराशेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

"दहा वाजले. या. समोरचं ते कापड काढा."

"मी डबा द्यायला आलेय."

"डबा नंतर. आधी उद्घाटन."

कांद्याचा वास येणाऱ्या हातांनी मी भिंतीवरच्या पहिल्या चित्रावरचं पांढरं कापड ओढलं. आत उभ्या असलेल्या आठ-दहा माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी बारावीत होते. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर मी दालनात जातच राहिले, बाईंकडे शिकू लागले.

बाई यंदा पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर हे दालन काढलं आणि वर्षातला एक शनिवार-रविवार सगळी गल्लीच चित्रांच्या स्वाधीन केली. पिठाच्या गिरणीत, शिंप्याच्या दुकानात, शेजारच्या सोसायटीच्या जिन्यात चित्रं लागायची. गिरणीतल्या चित्रांवर दुपारपर्यंत पीठ बसे, बाई म्हणत, "असू दे, त्यांनाही कळू दे आपण कुठे आहोत."

या दोन दिवसांना प्रमुख पाहुणा नसे. दहानंतर दारातून आत येणारा पहिला न बोलावलेला माणूस पहिल्या चित्रावरचं कापड काढणार, हा बाईंचा नियम. एका वर्षी भागातले एक पुढारी हार घालूनच सव्वादहाला आले. तोवर रस्त्यावरून आलेले एक भंगारवाले काका कापड काढून चहा पीत होते.

"बाई, मग आमचं काम काय?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"चित्रं बघायची. काकांना विचारा, ते सांगतील कुठून सुरुवात करायची ते."

काकांनी खरंच सांगितलं.

बाई चित्रं लावतात ती इतर दालनांपेक्षा वीतभर खाली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आपल्याकडे येणाऱ्या बायका बुटक्या आहेत. उंच माणसाला वाकू दे की जरा." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा बाईंनी स्वतः त्याला चौकट केली आणि ते लावायला दिव्याला आल्या. मी स्टूल ओढत होते. त्यांनी आईला भिंतीपाशी उभं केलं, तिच्या डोळ्यांसमोर पेन्सिलीने खूण केली आणि तिथेच खिळा ठोकला. आईला वाचता येत नाही. तरी रोज सकाळी ती त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहते.

आता यंदाचं सांगते. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, यावर मी खूप विचार केला. लिहिलं नाही तर बाईंकडून काही शिकले नाही, असं होईल.

दालनाची इमारत पुनर्विकासाला गेली. वरची बिऱ्हाडं हलली. गल्लीचं पलीकडचं तोंड पत्रे लावून बंद झालं. बाईंचा काचबिंदूही वाढला. मधलं तेवढं धूसर दिसतं, कडा गेल्या. खोल्या सोडण्याआधी एकदा हे दोन दिवस करायचे, असं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. कापडाखाली बाईंच्या हातचं चित्र होतं. नजर अधू होण्याआधी काढलेलं शेवटचं. ते आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

शनिवारी दहा वाजले. अकरा वाजले. गिरणीवाले आले, शिंपीकाका आले, पण ती घरचीच माणसं. चाहूल लागली की बाई विचारायच्या, "कोण आलं?" दुपारी कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्हीच काढा ना आता."

"आतल्या माणसाने नाही काढायचं."

मला ते बघवेना. मी ठाण्याला माझ्या मैत्रिणीला, स्नेहलला, फोन केला. चार वाजता ती दारात उभी राहिली. "कोण आलं?" बाईंनी विचारलं, आणि मी म्हणाले, "माहीत नाही बाई. कोणीतरी आलंय रस्त्यावरून."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी स्नेहलला विचारलं, "इकडे कुठे निघाला होतात?"

"असंच. इथून पुढे जात होते, दार उघडं दिसलं."

स्नेहलचा हात कापडावर होता. बाईंनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "राहू दे, बाळ. गल्ली पुढे बंद आहे. इथून कोणी पुढे जात नाही."

त्या रागावल्या नाहीत. मला जवळ बोलावून हळू विचारलं, "मला दिसत नाही म्हणून केलंस, की कोणी येत नाही म्हणून?"

मी कापड सरळ करायला वळले. बाईंनी मात्र स्नेहलला चहा दिला, तिचा हात धरला आणि बाकीची सगळी चित्रं भिंतीला बोटं लावत, आठवणीतून दाखवली.

रविवारी मी दारातच बसले. "कोण आलं?" "कोणी नाही, बाई." "बरं." संध्याकाळी सहाला आम्ही दार लावलं. कापड तसंच राहिलं.

बाई आता ठाण्याला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहतात. जाताना ते चित्र त्यांनी माझ्याकडे दिलं. "तिथे वाटेवरचा माणूस कसा येणार?" एवढंच म्हणाल्या. आमच्या घरी ते पदवीशेजारी आईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलं आहे, कापडासकट. आई वरूनच धूळ झटकते. "काय असेल गं यात?" असं तिने एकदाच विचारलं. काढू का, असं नाही विचारलं.

आम्ही तळमजल्यावरची, रस्त्याकडे दार असलेली खोली शोधतो आहोत. अजून मिळालेली नाही. मिळेल असं ठामपणे लिहिण्याचा मोह होतो आहे, पण तो आवरते. बाईंची उरलेली नजर टिकावी, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी, रात्रीची झोप शांत लागावी आणि ही खोली मिळायला कितीही वर्षं लागली तरी बाईंकडे त्याहून जास्त असावीत, एवढंच मागते. त्या दिवशीही त्यांनी दाराशेजारच्या खुर्चीत बसून विचारावं, "कोण आलं?"

मी जे असेल तेच सांगेन.