कुऱ्हाड उगारलेला माणूस

माझ्या हातात टिकाव दिला तर तो माझ्याच पायावर पडतो, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न करून कळंबला गेले आणि पंचवीस वर्षं सपाट जमिनीवर, पंख्याखाली काढली. आहुप्याच्या डोंगरातलं माझं माहेर आता मला पाहुणीत जमा धरतं. तरी दर मे महिन्यात मी जाते, आणि पडकई चालू असली की बांधावर जाऊन बसते. पडकई म्हणजे साऱ्या वाडीनं मिळून एकेकाच्या भातखाचराचा बांध घालायचा, आज तुझा, उद्या माझा. पुरुष खणतात, दगड रचतात. बायका घमेल्यांनी माती वाहतात. मला ढेकळं फोडायला बसवतात. त्यातलीही बारकी.

त्या वर्षी शेवटची पाळी माझ्या काकीची होती. तिचं खाचर सगळ्यांत वर, थेट देवराईला लागून. आदल्या पावसात त्याचा बांध मधोमध फुटला आणि माती ओढ्यात गेली. जेसीबी तिथवर चढत नाही. मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला सुट्टी नाही. पावसाआधी बांध झाला नाही तर खाचरात पाणी थांबणार नाही, आणि पाणी नाही म्हणजे भात नाही. काकीला दुसरं खाचर नव्हतं. ती रोज सगळ्यांच्या आधी दुसऱ्यांच्या बांधावर हजर असायची, पण शेवटच्या पाळीपर्यंत माणसं उरत नाहीत हे तिलाही कळत होतं. कुणी नारायणगावकडं टोमॅटो तोडायला जातं, कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची कंबर धरते. तिसऱ्याच दिवशी माणसं निम्मी झाली.

"तुला नेमकं काय येतं गं?" काकीनं मला विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

"गोष्टी सांगता येतात. घरात पोरांना मीच सांगायचे."

"मग सांग की बांधावर. पण रोज थोडी. पोट भरंल एवढी वाढू नको."

अशी मी मालिकेच्या धंद्यात पडले. माझं सगळं शिक्षण टीव्हीसमोर झालेलं. पहिल्याच दिवशी मी एका एकट्या बाईचं घर रंगवलं, दारावर थाप मारवली, बाईला कडीला हात लावायला लावला आणि थांबले. वर तोंडानं तीनदा "ढॅण्ण" पण केलं. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. मी पदर सावरून बसले आणि दार उघडलं. दारात दूधवाला.

मग चुलत वहिनीनं डोक्यावरचं घमेलं दाणकन खाली टाकलं. "दूधवाला? त्याच्यापायी मी येवढा चढ चढले? ताई, आपल्या वाडीत दूधवाला येतच नाय!"

त्यानंतरच्या दिवशी वाढलेली माणसं आली नाहीत. जाताना आणखी दोघांना घेऊन गेली.

संध्याकाळी काकी चुलीपाशी नाचणीच्या भाकरी थापत होती. मी तोंड पाडून शेजारी. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "दाराआड काय हाय ते तुलाच ठावं. आमी त्यात काय करनार? आमी बसलो वाट बघत. असं काय तरी दे की त्या मानसाचा घोर आमच्या जिवाला लागंल. त्यानं काय करावं, ते आमाला बी सुचू नये." आणि मग मिठाचा डबा मागितला.

मी डबा द्यायचा विसरले. इतक्या वर्षांत इतक्या मालिका बघितल्या, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या बाईच्या घरात तर धड टीव्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवी गोष्ट काढली. एक माणूस. बायको बाळंतपणाला टेकलेली, पाऊस दोन दिवसांवर, आणि त्याच्या घराचं आढं, म्हणजे छप्पर तोलणारं मधलं लाकूड, मोडून पडलेलं. रोज थोडं थोडं सांगत गेले. कधी तो लाकूड शोधत डिंभ्यापर्यंत उतरला, कधी त्याची एसटी चुकली. माणसं हळूहळू परत यायला लागली. काकीच्या पाळीच्या आदल्या दिवशी मी त्याला देवराईत नेलं. आमच्या देवराईतून काही बाहेर काढत नाहीत. वाळकी काटकीसुद्धा नाही. त्या माणसानं चपला बाहेर काढल्या, आत गेला, एक सरळसोट झाड निवडलं आणि कुऱ्हाड उगारली.

मी उठले, लुगड्याची माती झटकली. "राहिलेलं उद्या. काकीच्या खाचरात."

कुणी ओरडलं नाही, कुणी चिडवलं नाही. सगळे गुपचूप घरी गेले. मला वाटलं, हाही दूधवालाच निघाला.

सकाळी काकीबरोबर वर चढले तर खाचर माणसांनी भरलेलं. दूधवाल्यावरून रुसलेली वहिनी होती. टोमॅटोला जाणारी मंडळी जीप सोडून आली होती. कित्येक वर्षं कुणाच्या पडकईला न आलेले एक म्हातारे आजोबा काठी टेकत चढून आले होते. ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"गोष्ट सांगनारी तूच का?"

"हो, आजोबा."

"त्याला देवराईत हात उगारून उभा केलास, आन घरी जाऊन जेवलीस?"

"जेवले," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

"आमाला न्हाई गेलं. आधी त्याचा हात खाली आन."

तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. कळंबला ही नुसती गोष्ट असती. इथं देवराई डोक्यावर उभी होती, तिची सावली खाचरात पडली होती, आणि तिच्यात कालपासून एक माणूस कुऱ्हाड उगारून उभा होता. त्याला तिथं मी ठेवलं होतं. सगळे आले होते, पण वर झाडांकडं सरळ कुणी बघत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर पुढं काय होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"बांध झाल्यावर सांगते," मी म्हणाले. आवाज मात्र सगळं ठाऊक असल्यासारखा.

मी आयुष्यात तसं काम बघितलं नाही. घमेल्यांची रांग तुटत नव्हती. पहारी दगडांखाली जात होत्या आणि दगड हलत होते. कुणी तंबाखूला थांबेना. मी माझी बारकी ढेकळं फोडत होते आणि एकेका दगडागणिक शेवट शोधत होते. घाव घालावा तर देवराई तुटते. न घालावा तर बाई पावसात बाळंत होते. काकीनं सांगितलं होतं तशीच गोष्ट झाली होती. काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं, आणि त्यात मी पण आले.

शेवटचा मोठा दगड सगळ्यांनी मिळून बसवला. मग माणसं बांधावर ओळीनं बसली, भाकरी न सोडता, आणि माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"त्याच्या मागं पाचोळा वाजला," काकी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. ती कोपरापर्यंत मातीनं भरलेली, खाचराच्या मध्ये उभी होती.

"वळून बघतो तं सारी वाडी. एकाच्या खांद्यावर गोठ्याचं लाकूड, दुसऱ्याकडं घरातला वासा. म्हनले, आमी काय मेलो व्हतो का रं? ठेव ती खाली."

मग आजोबांनी पहिल्यांदा मान वर करून देवराईकडं सरळ बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ठेवली," ते म्हणाले, आणि भाकरीचं फडकं सोडलं.

बांधावर बसलेल्या इतक्या माणसांनी एकदम श्वास सोडलेला मी ऐकला. आणि वाटलं, काकीनं शेवट कुठं रचला? तिनं फक्त समोर बघितलं आणि दिसलं ते सांगितलं.

पण नवा बांध खरा ठरतो तो पहिल्या मोठ्या पावसात. जुलैत सहा दिवस डोंगरावर झड लागली. मी कळंबहून फोन लावत राहिले, लागत नव्हता. सातव्या दिवशी काकीचाच आला. मागं पाण्याचा आवाज.

"काकी, बांध?"

"आगं, लई पानी झालं. काल दुपारी बांधावर गेले, तं बघते काय, त्या मोठ्या दगडाच्या खालून..."

फोन बंद. पुन्हा लावला, बंद. दिवसभर बंद.

मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मंचर, घोडेगाव, डिंभे असं करत, न आलेल्या एका एसटीची वाट बघत, शेवटी दुधाच्या गाडीतून वाडीखालच्या फाट्याला पोचले. हो, दूधवाल्याच्याच. भिजत चढून वर गेले. खाचर काठोकाठ भरलं होतं. बांध जागेवर होता. मोठ्या दगडाखालून एक खेकडा बाहेर आला, मला बघून पुन्हा आत गेला. पाण्यात अख्खी देवराई उलटी उतरली होती. मी तिथंच उभी राहिले.

काकी पाठीवरच्या पानांच्या इरल्याखाली वाकून रोपं लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"रेंज गेली होती, का फोन मुद्दाम ठेवलास?" मी विचारलं.

"आलीस ना?" ती म्हणाली. "मग चपला काढ आन खाली उतर."