थप्प्यांमधली वाट
आमच्या ह्यांना गोदामातल्या मक्याची जितकी काळजी, त्याच्या निम्मी जरी माझी असती, तर मी आज राणी असते. सकाळी उठलं की आधी गोदाम. पोत्यांच्या थप्पीत खुपसून ठेवलेली लोखंडी सळई ओढून काढायची आणि गालाला लावायची. गार लागली तर मग चहा. मी तापाने फणफणले होते तेव्हा मात्र दारातूनच विचारलं, "बरी आहेस ना?"

हे शेतकऱ्यांच्या संस्थेचं गोदाम सांभाळतात. सुरुवात हमालीपासून. पोती वाहून वाहून उजवा खांदा खाली आलाय, त्यामुळे ह्यांचा सदरा शिवताना मी दोन्ही बाजूंची मापं वेगळी घेते. माझं शिवणाचं दुकान गोदामाच्या अगदी समोर आहे. हमाल असताना ह्यांनी एकदा कुजलेली थप्पी उपसली होती, आणि त्या वासाने कित्येक दिवस ह्यांना अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून एकच हट्ट. दोन थप्प्यांच्या मध्ये पोतं घेतलेला माणूस जाईल एवढी वाट मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे धान्याला वारा लागतो. "एवढी जागा रिकामी ठेवून तिथे नाचायचंय का?" असं शेतकरी दर हंगामात विचारायचे. हे ढिम्म हलायचे नाहीत.

दुसरं भांडण रोजचं. माझ्या शेजारी चपलांचं दुकान आहे आणि ते चालवणाऱ्या भावजींना स्वतःचं बोलणं ऐकायला फार आवडतं. "शेतीत काय ठेवलंय? देश पुढे जातो तो कारखान्यांवर. मी चपला विकतो, माझा तुमच्या मक्याशी काय संबंध?" ह्यांचं उत्तर ठरलेलं. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" एवढं म्हणून हे गोदामाकडे वळतात. मागे लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं, तेव्हा भावजी त्याच त्या चपला रोज पुसून परत मांडत होते. न्हावी दारात बसून जांभया देत होता, आणि मी जुन्या कपड्यांना ठिगळं लावत होते. पण त्यावरून काही शिकतील तर ते भावजी कसले.

यंदा मात्र मका असा पिकला की ठेवायला जागा पुरेना. गाड्यांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली. वर आभाळ भरून आलेलं. गोदाम भरलं तरी एक म्हातारी आपली पोती घेऊन दारात उभीच. "भिजलं तर पुढच्या पेरणीला मी उभी राहणार नाही रे बाबा," म्हणाली. ह्यांना तोंडावर नाही म्हणणं जमलं नाही. "मधल्या वाटेत लावा," म्हणाले. एका म्हातारीसाठी वाट भरायला घेतली आणि तिच्यामागून सगळी रांग आत आली.

काही दिवसांनी मी चहा घेऊन गेले तर हे सळई गालाला लावून तसेच उभे. त्यांनी ती माझ्या हातात दिली. चांगली तापली होती.

"आतून गरम झालाय. आता बुरशी धरणार," म्हणाले. "उद्या कारखान्याचा माणूस येणार. त्याला नुसता वास आला तरी सगळा मका परत पाठवेल."

कोंबड्यांचं खाद्य करणारा तो कारखाना इथे आला, तो इथे मका होतो म्हणूनच. निम्म्या गल्लीची पोरं तिथे कामाला आहेत. आणि हे वर्षही हातचं गेलं तर कितीतरी घरं पुन्हा पेरणार नव्हती. हे फळीवर मटकन बसले. इतक्या वर्षांत मी ह्यांना गोदामात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्यामुळे गेलं," म्हणाले. मला रडूही आलं आणि रागही आला. राग कामाला आला.

हमाल सगळे बाहेरगावी माल भरायला गेलेले. मी तडक भावजींच्या दुकानात शिरले.

"दुकान बंद करा आणि चला."

"अहो वहिनी, गिऱ्हाईकाची वेळ आहे."

"मका कुजला तर तुमच्या चपला काय कोंबड्या घेणार आहेत?"

पुटपुटत का होईना, उठले. न्हावी आला, सायकलवाला आला, औषधांच्या दुकानातली बाई पदर खोचून आली. एका पोत्याला दोघं दोघं लागत होती. नशिबाने ऊन पडलं होतं. गल्लीभर ताडपत्र्या अंथरल्या, त्या भरल्या तेव्हा माझं शिलाई मशीन टेबलावर चढवून दुकानाच्या फरशीवरही मका पसरला. भावजी घामाने निथळत पायाने मका खालीवर करत होते आणि देशाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. हे प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून हुंगत होते. मधल्या वाटेतल्या मोजक्याच पोत्यांतला मका काळा पडून त्याचा गोळा झाला होता, ती पोती बाजूला काढून पुरली. बाकीचा मका नुसता तापला होता. तरी ह्यांचा जीव टांगणीलाच.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस आला. हे त्याला झालेलं सगळं सांगून मोकळे झाले. मी कपाळावर हात मारला. त्याने ठिकठिकाणी यंत्र खुपसून ओल पाहिली, मूठभर मका चोळून हुंगला. आख्खी गल्ली आपापल्या दारात उभी.

"चांगला आहे," तो म्हणाला. "गाड्या लावा."

माझा जीव भांड्यात पडला. हे घरी येऊन पोटभर जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. एरवी ह्यांच्या घोरण्याला मी वैतागते. त्या दुपारी उशाशी बसून ते ऐकत राहिले, आणि मला फार बरं वाटलं.

मग गल्लीत गर्दी झाली. म्हातारीने नातीसाठी दोन झगे शिवायला टाकले. माझं मशीन थांबेना, न्हाव्याकडे बाकावर जागा मिळेना. भावजींची फळी रिकामी झाली. नवीन नमुने आणले म्हणून चपला खपल्या, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या हंगामात गोदाम पुन्हा काठोकाठ भरलं. ह्यांनी कानाला खडा लावला होता, पण दारात उभ्या माणसाला हे नाही म्हणतील याची मला खात्री नव्हती. म्हणून बघायला गेले. तर मधल्या वाटेत भावजी आपल्या दुकानातलं स्टूल टाकून पेपर वाचत बसलेले. एक शेतकरी पोतं टेकवून त्यांच्यापुढे उभा.

"काका, जरा उठता का? दोनच पोती आहेत."

"अजिबात नाही," भावजी पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "माझं दुकान इथून चालतं."

ह्यांनी सळई काढून गालाला लावली आणि मला म्हणाले, "दोन चहा पाठव."