बाणाला कोणीही हात लावू नये

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. विसरलेल्या छत्र्यांसारखे ते कोपऱ्यात साठत जातात आणि पुढे कुठला कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्याकडचे किस्से मात्र नंबर लावलेले आहेत. कारण त्यातल्या प्रत्येकातून एक नियम निघाला, आणि ते नियम मी लिहिले. बरोबर लिहिले की नाही, ते विचारू नका. मीच अजून विचारतो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जिल्ह्यातल्या हायस्कुलांची धनुर्विद्या स्पर्धा नाशिकला आमच्या शाळेच्या मैदानावर भरवायचं ठरलं. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"डॉक्टर, नियमावली तुम्ही करा."

मी संख्याशास्त्रातला पीएच.डी. धनुष्य फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं! म्हटलं, "सर, मला यातलं काहीसुद्धा कळत नाही."

"म्हणूनच! ज्यांना कळतं, त्यांची आपसात भांडणं आहेत."

मुख्य पंच होते आमचे पी.टी.चे गायकवाड सर. त्यांनी मला धीर दिला. "डॉक्टर, तुम्ही नुसतं लिहा. मुलांना आवरायला मी आहे."

पहिल्या वर्षी नियम नऊ होते. शेवटी एकतीस झाले. तीस असतील. परत मोजायला हवेत.

*

नियम तीन : खेळाडूने पांढरे कॅनव्हासचे बूट घालावेत.

हा मी दुसऱ्याच कुठल्या तरी खेळाच्या नियमावलीतून उतरवला होता. स्पर्धेच्या सकाळी सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेची सात मुलं एस.टी.तून उतरली. हातात बांबूची धनुष्यं, पाय अनवाणी. बरोबर त्यांचे भोये गुरुजी. गुरुजींनी नियम वाचला, मुलांच्या पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, आता काय करायचं?"

मी घामाघूम! नियम मोडावा तर पहिल्याच दिवशी, न मोडावा तर ही मुलं पहाटे निघालेली. शेवटी गायकवाड सरांनी कुठून तरी बुटांचा एकच जोड पैदा केला. फुटबॉलच्या गोलकीपरचा. नऊ नंबर!

पहिल्या मुलाला मिळालेल्या तीन मिनिटांतली अडीच नाडी बांधण्यातच गेली. दुसरी सातवीतली मुलगी, जमनी. तिने नाडीला हातच लावला नाही. बुटांत पाय सोडले, तीन बाण मारले आणि पाय काढून चालायला लागली. बूट रेषेवर तसेच, लक्ष्याकडे तोंड करून. मागचा मुलगा येऊन त्यातच उभा राहिला. दिवसभर बूट हलले नाहीत. मुलं तेवढी बदलत होती.

संध्याकाळी गायकवाड सर म्हणाले, "डॉक्टर, आज सगळ्यात जास्त बाण या बुटांनी मारलेत. सर्टिफिकेट यांनाच द्या!"

आश्रमशाळेला काहीच मिळालं नाही. जमनी चौथी आली. जाताना भोये गुरुजी मला म्हणाले, "बूट नसते तर ही पहिली होती, सर." ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं.

पुढच्या वर्षी मी तो नियम काढून टाकला. पण ते वर्ष तिचं गेलं ते गेलंच.

*

नियम पाच शिट्ट्यांचा. दोन शिट्ट्या : रेषेवर या. एक शिट्टी : बाण सोडा. तीन शिट्ट्या : बाण आणायला जा.

कागदावर निर्दोष! शेजारच्या मैदानात कबड्डी चालू असते, हे कागदाला माहीत नव्हतं. मुलं धनुष्यं ताणून उभी आणि तिकडे कबड्डीच्या पंचांनी तीन शिट्ट्या फुंकल्या. आमची निम्मी मुलं लक्ष्याकडे पळत सुटली!

गायकवाड सर गरजले, "खाली बसाऽऽ!"

सगळे बसले. आमची मुलं बसली, कबड्डीचे दोन्ही संघ बसले, त्यांचे पंच बसले. मीसुद्धा बसलो.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी नियम बदलला : शिट्टीऐवजी शाळेची घंटा.

पहिला टोल पडला आणि सातवी ब घरी गेली. दुसरा पडेपर्यंत अर्धी शाळा फाटकाबाहेर! हेडमास्तर वऱ्हांड्यात येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, नियम उत्तम आहे. पण शाळा कुठाय?"

*

लक्ष्यं आम्ही पेंढ्याची करायचो. घोटीहून भाताचा पेंढा यायचा. तो घट्ट आवळून बांधायचा, लाकडी स्टँडवर ठेवायचा आणि वर वर्तुळांचा कागद चिकटवायचा. मधे दहा, बाहेर येत येत एक.

एका वर्षी पेंढा फारच ताजा निघाला. ऐन स्पर्धेत कोणाची तरी गाय कुंपणातून आत आली आणि चार नंबरचं लक्ष्य मागच्या बाजूने खायला लागली. पुढून कोणाला काही दिसेना. मुलगा बाण मारतोय, बाण लागतोय आणि लक्ष्य मान हलवतंय!

गायकवाड सरांनी सामना थांबवला. गाय हाकलली. मुलाचे वडील तावातावाने माझ्याकडे आले. "माझ्या पोराचा बाण हुकला तो लक्ष्य हललं म्हणून! नियम काय म्हणतो?"

नियम काहीच म्हणत नव्हता. मी तिथेच गुडघ्यावर कागद धरून लिहिला. नियम अकरा : जनावराचा अडथळा आल्यास बाण परत मारता येईल.

"आणि गायीने खाल्लेल्या भागावर लागला असता तर?" त्यांनी विचारलं.

यावर मी आठ दिवस विचार केला.

*

त्याच्या पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. दिलदार माणूस, हौशी. भाषण झालं, नारळ फुटला, पहिल्या तुकडीने धनुष्यं ताणली, आणि पाहुणे आमच्या शेजारून नाहीसे! पाहतो तर लक्ष्यांच्या रांगेतून फिरतायत, एकेका कागदाला हात लावून बघतायत.

गायकवाड सर ओरडले, "साहेब, बाजूला व्हा! बाण सुटतायत!"

पाहुण्यांनी तिथून प्रेमाने हात हलवला. "चालू द्या, चालू द्या! माझी काही अडचण नाही!"

नियम अकरामध्ये 'जनावराचा' या शब्दापुढे मी 'किंवा पाहुण्याचा' असं घातलं. हेडमास्तर म्हणाले, एका ओळीत बरं दिसत नाही. पण तोवर सायक्लोस्टाइलवर सगळ्या प्रती निघाल्या होत्या.

*

आता माझ्याबद्दल. बाण दोन वर्तुळांमधल्या रेघेला लागला, तर वरचे मार्क. आठ-नऊच्या रेघेला लागला तर नऊ. पण लागलाय की नुसता जवळ आहे, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कोणत्याच शाळेच्या बाजूने नव्हतो आणि माझ्याकडे भिंग होतं. ते दोरीने गळ्यात अडकवायचो. मी वाकायचो, बघायचो, "आठ" म्हणायचो, आणि पेन्सिल कागदावर टेकायच्या आत म्हणायचो, "परत एकदा बघू या का?"

मार्क मांडायला बसलेली मुलं माझी नक्कल करायची. डबा खाताना एक विचारायचा, "भाजी संपली?" दुसरा डब्यात वाकून म्हणायचा, "परत एकदा बघू या का?" मला हे सगळं माहीत होतं. पण बघावंसं वाटायचंच.

आणि नियम सात. तोही माझाच. एका पालकांनी मुलाचा बाण आधीच उपटून आणला आणि म्हणाले, "नऊ होते, लिहा." तेव्हापासून : मार्क लिहून होईपर्यंत बाणाला कोणीही हात लावू नये. लावल्यास त्या बाणाचे मार्क शून्य.

'कोणीही' हा शब्द मी अधोरेखित केला होता.

*

जमनी दहावीत गेली. मधली दोन्ही वर्षं ती दुसरी आली होती. हे तिचं शेवटचं वर्ष. स्पर्धा दहावीपर्यंतच्या मुलांचीच, असा नियम दोन. राज्यस्पर्धेला पुण्याला फक्त पहिला नंबर जायचा. भोये गुरुजींनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "राज्यावर खेळली तर नाशिकात होस्टेलला जागा देतो म्हणालेत. अकरावी करील. नायतर घरी बसंल, सर." मी म्हटलं, "गुरुजी, हे मला का सांगता? मी पंच आहे." ते म्हणाले, "कोणाला तरी सांगायला पायजे ना."

तेव्हापासून मी भिंग चार वेळा पुसलं.

शेवटचा बाण उरला. समोर होती नाशिकच्याच दुसऱ्या शाळेची वैशाली, तिच्याबरोबर तिच्या शिक्षिका जाधव बाई. तिचे बाण मारून झाले होते. जमनीला नऊ मिळाले तर ती पहिली. आठ मिळाले तर बरोबरी, आणि बरोबरीत ज्याने जास्त वेळा दहा मारले तो पहिला. म्हणजे वैशाली.

जमनीने बाण सोडला. आम्ही लक्ष्याकडे गेलो. बाण आठ-नऊच्या रेघेवर. की रेघेजवळ?

मी वाकलो. मला आठ वाटले. परत नऊ वाटले. आणखी वाकलो. गळ्यातलं भिंग झोका घेऊन पुढे गेलं आणि बाणावर आपटलं. पेंढा दिवसभरात सैल झाला होता. बाण कागद फाडत खाली आला आणि माझ्या बुटावर पडला.



मग जाधव बाईंनी शांतपणे पर्समधून नियमावली काढली. "नियम सात. कोणीही हात लावल्यास शून्य. भिंग तुमच्या गळ्यात आहे, डॉक्टर. म्हणजे हात तुमचाच."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "नियम बरोबर आहे."

भोये गुरुजी जमिनीकडे बघत होते. जमनी माझ्या बुटावरच्या बाणाकडे.

"थांबा," गायकवाड सर म्हणाले. "नियम अकरा. अडथळा आल्यास बाण परत मारता येईल."

"तो जनावराचा किंवा पाहुण्याचा," बाई म्हणाल्या. "इथे कुठाय?"

गायकवाड सरांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"डॉक्टर, नियम तुमचा. तुम्हीच सांगा. तुम्ही यातले कोण?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. बावीस वर्षं त्या शाळेत नोकरी झाली होती.

"पाहुणा तर मी नाही," मी म्हणालो.

जाधव बाईंनी तोंडाला पदर लावला. पण त्या काही बोलायच्या आत वैशालीच म्हणाली, "बाई, मारू द्या ना तिला परत. मला असं नको."

नवा कागद चिकटवला. सगळे मागे आले. जमनी रेषेवर अनवाणी उभी राहिली. तिने फार वेळ घेतला नाही. वेळ मला लागत होता.

बाण सुटला. आम्ही गेलो. गायकवाड सर सगळ्यात पुढे होते, ते चालता चालता थांबले.

"अरे देवा!"

नवा कागद, नवा बाण आणि तीच आठ-नऊची रेघ!

मी पुढे सरकलो. जमनी आडवी आली. तिने माझ्या गळ्यातली दोरी वरून काढून घेतली आणि भिंग भोये गुरुजींच्या हातात दिलं.

"आता बघा, सर. पण हात मागं बांधून."

मी हात मागे बांधले. वाकलो. चष्मा नाकावरून घसरायला लागला, तो तिने दोन बोटांनी वरच्या वर धरला. श्वास रोखून मी पाहिलं. रेघेची काळी शाई बाणाखाली गेलेली दिसली.

"नऊ," मी म्हणालो.

गायकवाड सरांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

"सर," माझा चष्मा तसाच धरून जमनी म्हणाली, "परत एकदा बघू या का?"